साखरेचे दात

माणसाला चेहऱ्यावरून ओळखणारे पुष्कळ भेटतात. पण समोरच्यानं तोंड उघडल्याशिवाय ज्याला कुणीच ओळखू येत नाही असा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला, आणि तो माझ्या आत्याचा नवरा होता. आम्ही त्यांना आतोबा म्हणायचो. नगरला त्यांचा दातांचा दवाखाना होता, खाली दवाखाना आणि वर राहायची जागा. मी बेलापूरहून कॉलेजसाठी त्यांच्याकडे राहायला आले, तेव्हा पहिल्याच दिवशी त्यांनी मला ट्रंकेसकट दारात थांबवून नाव-गाव विचारलं. मी लहानपणापासून त्यांच्या अंगाखांद्यावर खेळलेली. "आतोबा, असं काय करता" म्हणून हसले, तेव्हा कुठं त्यांचा चेहरा खुलला. "अगं, तू होय. हा वर चढलेला सुळा तर आमच्या हिच्या माहेरचा." मग ट्रंक त्यांनीच उचलली.

एकदा एसटी स्टँडवर पारनेरकडचा एक शेतकरी रामराम घालत पुढं आला. आतोबांनी परक्याला करावा तसा कोरडा रामराम केला. तो बिचारा म्हणाला, "वळीकलं न्हाई व्हय डाक्टर? तुमी माजी दाढ काढल्ती." "कोणती?" "खालची, डाव्या अंगाची. लई ठणकत हुती." आतोबांनी त्याला भर स्टँडवर आ करायला लावला, हनुवटी धरून तोंड उन्हाकडं फिरवलं, आत डोकावून पाहिलं आणि मग कडकडून मिठीच मारली. त्याची बायको पिशवी छातीशी धरून, या माणसाला नेमकं काय झालंय याचा अंदाज घेत उभी राहिली. लग्नाकार्यात आतोबा पंगतीच्या कडेनं हळूहळू चालत जायचे. लोकांना वाटायचं, डॉक्टर आग्रह करायला आले. ते फक्त कोण कोण आलंय ते पाहत असायचे. घास तोंडात गेला की त्यांना पाहुणा समजायचा.

अशा माणसाला केकचा नाद लागला. दिवसभर आल्यागेल्याला "गोड बंद करा" म्हणून दम देणारा दातांचा डॉक्टर दुपारी दवाखान्याचं दार लावून साखर मळत बसतो, हे ज्याला ज्याला कळलं तो हबकून जायचा. ओळखीच्या एका ख्रिस्ती नर्सबाईंकडे नाताळात त्यांनी एकदा केक खाल्ला, तेवढ्यावरून हे सुरू झालं. नर्सबाईंनीच त्यांना वाटीएवढे छोटे केक करायला शिकवले. वरून पिठीसाखर, ग्लुकोज आणि जिलेटिन मळून साखरेची कणीक करायची, ती पोळीसारखी लाटून केकवर बसवायची आणि उरलेल्या कणकेची फुलं-पानं करायची. कणीक मऊ राहायला लागणारं ग्लिसरीन दवाखान्यात होतंच. साखर तेव्हा रेशनवर मिळायची, पण माझे वडील साखर कारखान्याचे सभासद, त्यांच्या वाटणीची पिशवी माझ्याबरोबर यायची. आत्याच्या स्वयंपाकघरात अंडं चालत नसे, म्हणून काचेच्या झाकणाची गोल भट्टी दवाखान्याच्या मागच्या खोलीत, कवळ्यांच्या साच्यांशेजारी होती. आत्या त्या खोलीचा उंबरा ओलांडत नसे. साखरेची कणीक मात्र शुद्ध समजून ती कौतुकानं चाखायची. जिलेटिन जनावरांच्या हाडांचं करतात हे तिला आम्ही कधी सांगितलं नाही.

त्या वर्षी महिला मंडळानं केकची स्पर्धा ठेवली. मंडळात शहरातल्या बायका होत्या, तशा भिंगारच्या कँपातल्या लष्करी अधिकाऱ्यांच्याही बायका होत्या. विषय होता 'आपलं नगर', आणि छोट्या केकवर साखरेच्या कणकेनं तो दाखवायचा होता. पुरुषांनी भाग घेऊ नये असा नियम नव्हता, कारण असा नियम करावा लागेल हे कुणाच्या डोक्यातच आलं नव्हतं. आतोबांनी नाव दिलं त्या दिवशी आत्या जेवली नाही.

मी कणीक मळायला होते. मला वाटलं, आतोबा किल्ला करतील, चांदबिबीचा महाल करतील. त्यांनी कवळीचं मेण कोरायची बारीक हत्यारं घेतली, बिटाच्या रसानं कणीक गुलाबी केली आणि एका केकवर हिरडी बसवली. मग एकेक दात. मी पाहतच राहिले.

"आतोबा, विषय नगर आहे."

"नगर म्हणजे काय, किल्ला? किल्ल्यात कोण राहतंय? नगर म्हणजे माणसं," ते म्हणाले, "आणि मला माणसं एवढीच माहीत आहेत."

प्रत्येक केकवर एक तोंड झालं. एकात सोन्याचा दात होता, एकात मिश्रीनं काळी पडलेली रांग, एकात पुढच्या दोन दातांमधली फट. शेवटच्या केकवर त्यांनी साखरेच्या पाकाचा पारदर्शक पेला केला आणि त्यात एक अख्खी कवळी ठेवली. ते काम इतकं नाजूक होतं की मी श्वास रोखून पाहत होते. पुढच्या एका दाताचा कोपरा त्यांनी सुईच्या टोकानं मुद्दाम उडवला आणि स्वतःशीच खूश झाले.

स्पर्धेच्या दिवशी मंडळाच्या सभागृहात किल्ले मांडले होते, महाल होते, लष्कराचे रणगाडे होते. आमच्या टेबलापाशी पहिल्या आलेल्या बाईंनी तोंडाला पदर लावला. दुसऱ्या बाई नवऱ्याला हाताला धरून घेऊन आल्या. मग एका वकिलांनी वाकून पाहिलं, सोन्याचा दात पाहिला आणि मोठ्यानं हसत म्हणाले, "हा तर मी." त्याबरोबर जो तो आपल्याला आणि शेजाऱ्याला शोधायला लागला. मिश्रीवाल्या तोंडाची मालकीणही सापडली. गर्दी वाढली तसे आतोबा गोंधळत गेले. माझ्या कानाशी येऊन म्हणाले, "यांना कसं ओळखू येतंय?" त्यांचा चेहरा उतरला होता. दात फक्त दातांच्या डॉक्टरलाच ओळखू येतात, अशी त्यांची खरोखर समजूत होती.

ते पेल्याचा केक उचलायला वळले, तोवर मंडळाच्या अध्यक्षीणबाईंचे यजमान तिथं पोचले होते. हे मेजरसाहेब. बांगलादेशच्या लढाईवरून परत येऊन त्यांना वर्षही झालं नव्हतं. चष्मा कपाळावर सरकवून ते केकवर वाकले आणि हसले.

"हा टवका उडालेला दात आमच्या हिचा. लग्नानंतर मी सायकल शिकवत होतो, तेव्हा पडली होती." मग त्यांचं लक्ष पेल्याकडं गेलं. "पण हे पेल्यात का?"

आतोबा हात पुढं केलेले तसेच उभे. गर्दीतून अध्यक्षीणबाई पुढं आल्या. नेहमी ताठ चालणाऱ्या, पण त्या क्षणी टेबलाच्या कडेला हात टेकून उभ्या राहिल्या.

"माझीच कवळी आहे ती," त्या म्हणाल्या. "तुम्ही सरहद्दीवर होतात तेव्हा सगळे दात काढावे लागले. तुम्हाला कळू नये म्हणून कवळीतही टवका तसाच करून घेतला. सांगायचं राहिलं."

आणि सगळ्या बायकांच्या देखत त्या सभागृहाबाहेर निघून गेल्या. मेजरसाहेब त्यांच्या मागोमाग गेले. बक्षीस कुणाला मिळालं ते मला ठाऊक नाही. आम्ही केक तिथंच सोडून घरी आलो.

आत्याला हकीकत तोवर तिखटमीठ लावून पोचली होती. ती आरडाओरडा करणारी बाई नव्हे. ताट वाढून समोर ठेवलं आणि म्हणाली, "दुसऱ्याच्या बायकोचं झाकलेलं तुम्ही टेबलावर मांडलंत."

"मी कुणाला बोललो नव्हतो गं. तुलासुद्धा नाही. मला वाटलं, दातावरून कोण ओळखणार?"

"नवरा आहे तो तिचा."

आतोबा बराच वेळ भात चिवडत बसले. मग म्हणाले, "मी तुझे दात ओळखतो, ते डॉक्टर म्हणून, असंच मला वाटायचं." आत्या पाणी आणायला म्हणून उठली ती आत जरा जास्तच वेळ थांबली.

दुसऱ्या दिवशी आतोबा माफी मागायला भिंगारला गेले. बाई भेटल्या नाहीत. परत आले आणि त्यांनी दवाखान्याची पाटी काढून आत ठेवली. ज्याच्या हातून पेशंटचा विश्वास गेला त्यानं कुणाच्या तोंडात हात घालू नये, असं म्हणाले. ठणकणारी गालफडं धरून माणसं यायची आणि मी त्यांना दारातून परत पाठवायचे. घरात कुणी मोठ्यानं बोलत नव्हतं. आतोबा मागच्या खोलीतही गेले नाहीत.

आणि मग एका सकाळी मेजरसाहेब स्वतः आले. मी घाबरून आत्याला हाक मारली. आतोबा जिन्यावरून खाली आले आणि हात जोडून उभे राहिले. मेजरसाहेब बसले नाहीत.

"परत आल्यापासून ती माझ्याबरोबर जेवायला बसत नव्हती," ते म्हणाले. "आज उपास, उद्या भूक नाही. हसायची तर तोंडावर हात. मला वाटायचं, लढाईवरून आलेला हा माणूस तिला आता नकोसा झालाय. मी विचारलं नाही, तिनं सांगितलं नाही." त्यांनी हात मागं बांधले. "काल बसली. कवळी काढून बाजूला ठेवली आणि मऊ भात कालवून खाल्ला माझ्यासमोर."

आतोबांचे जोडलेले हात खाली आले.

"तुमचा राग आलाय मला, आणि तो राहणार आहे," मेजरसाहेब म्हणाले. "पण दवाखाना उघडा. कवळी तिच्या हिरडीला लागतेय. आणि दुसऱ्या कुणाकडं जायला ती तयार नाही."

त्याच दुपारी पाटी परत लागली. संध्याकाळी बाई आल्या, खुर्चीत बसल्या. दोघंही एकमेकांशी कामापुरतंच बोलले. जाताना त्या म्हणाल्या, "टवका मात्र हुबेहूब जमला होता हो, डॉक्टर." आतोबांनी मान खाली घातली.

त्यांनी त्यानंतर केक केला नाही. भट्टी नर्सबाईंना देऊन टाकली. आत्या मधूनमधून म्हणायची, "करा की एखादं फूल, गुलाबाचं करा." ते म्हणायचे, "फुलं मला ओळखू येत नाहीत." आता ते नाहीत, आत्याही नाही. परवा जुन्या फोटोंत त्यांचा एकही फोटो दात दिसतील असा सापडेना, तेव्हा मी आठवू लागले. अख्ख्या नगराची तोंडं पाठ असलेल्या त्या माणसाचे स्वतःचे दात कसे होते, ते मला काही केल्या आठवत नाही. ते ओठ मिटून हसायचे.