गेजची लाल बाजू

सुलेखा माझी शेजारीण. रांजणगावात एकाच जिन्यावर आमच्या खोल्या. तिच्याकडं फोडणी कशाची पडली हे मला घरबसल्या कळतं, पण तिच्या मनात काय शिजतंय हे मात्र मला फार उशिरा कळलं. ती मूळची पिशोरची. नवरा गावी शेती बघतो आणि ही लेकीच्या, मोनिकाच्या, शिक्षणासाठी शहरात येऊन वाळूजच्या एका वर्कशॉपमध्ये कामाला लागली. गाडीच्या इंजिनाला लागणारे ब्रॅकेट तिथं बनतात.

आधी ती पॅकिंगला होती. दिवसभर तयार ब्रॅकेटनी भरलेले क्रेट उचलायचे, टेम्पोत चढवायचे. संध्याकाळी जिना चढताना ती कठड्याला धरून यायची आणि वर मलाच म्हणायची, "वैनी, तुमचा जिना वाढला का वो?" तिला मशीन हवं होतं. पण तिथं बाईला मशीन द्यायची पद्धत नव्हती.

दिलं ते मुबारकचाचांच्या शब्दावर. ब्रॅकेटच्या भोकात बोल्ट धरायचा तर आतून आटे पाडावे लागतात, ते टॅपिंगचं काम चाचांचं. त्यात त्यांचे केस पांढरे झालेले. त्यांनी मालकांना, शिवराज सरांना, सांगितलं, "हिला माझ्याकडं द्या साहेब. हात सबुरीचा हाय." आणि सरांनी ऐकलं.

चाचांनी तिला मशीनला शिवूच दिलं नाही आधी. हातानं टॅप, म्हणजे आटे कापायचं हत्यार, फिरवायला लावला. "अर्धा फेरा पुढं, जरा मागं. तेल लाव. कापलेल्या लोखंडाचा बुरा तुटू दे, नायतर टॅप आतच तुटून बसंल." मग मशीन, तेही ते शेजारी उभे असताना. त्या वर्कशॉपात एक रीत आहे. प्रत्येक कारागीर आपला नग तपासून त्यावर आपल्या रंगाचा ठिपका लावतो. चाचांचा पिवळा. शिकणाऱ्याला रंग नसतो. त्याच्या नगावर उस्तादाचा ठिपका पडतो, म्हणजे बरंवाईट जे होईल ते उस्तादाच्या नावावर.

एका शुक्रवारी चाचा नमाजला गेले. जाताना म्हणाले, "मी येईस्तोवर बुरा झाडून ठेव." झाडून झाला. समोर मशीन आणि कच्च्या ब्रॅकेटचा ढीग. बाईंना वाटलं, चाचा येईपर्यंत क्रेट भरून ठेवावा, ते खूश होतील. हौस, दुसरं काय! आटे पक्के बसावेत म्हणून तिनं एकेका भोकात दोन-दोनदा टॅप उतरवला. तपासायला गेज होतं. गेज म्हणजे आटे पाडलेली छोटी दांडी, एक टोक हिरवं, एक लाल. चाचा दोन्ही टोकं लावून बघतात एवढंच तिनं पाहिलेलं. हिनं लावली, तर दोन्ही टोकं सुळसुळ आत गेली. ती हरखली. पिवळे ठिपके लावत सुटली. शेवटी घाई झाली म्हणून वरचे थोडे नग एकदाच टॅप उतरवून, गेज न लावताच केले.

चाचा आले, भरलेला क्रेट पाहून हसले. "तू केलं?" म्हणाले. वरचे दोन-तीन नग तपासले. ते नेमके बरोबर निघाले. त्यांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला.

दुसऱ्या दिवशी त्यांनी गेज शिकवलं. "हिरवं टोक गेलंच पायजे. लाल टोक जाता कामा नये. लाल आत गेलं तर समज आटे खाल्ले गेले. बोल्ट बसल्यावानी दिसतो, पण धरत नाय." काल तर लाल टोकही सुळसुळ आत गेलं होतं. समोर अंगणात टेम्पोवाला त्याच क्रेटवर ताडपत्री ओढत होता. चार पावलं चालून "थांबा" म्हणायचं होतं. पण म्हटलं तर पुन्हा पॅकिंग, आणि वर 'बाईला मशीन दिलं की असं होतं' हे सगळ्यांच्या तोंडी. ती गेजकडं बघत "व्हय चाचा" म्हणाली. टेम्पो गेला.

माल गाडीच्या कंपनीतून परत आला. बोल्ट नुसते फिरत होते. सगळ्या नगांवर पिवळा ठिपका. सरांनी चाचांना केबिनमध्ये बोलावलं. बऱ्याच वेळानं सर बाहेर आले आणि हात धुत असलेल्या सुलेखाला म्हणाले, "ताई, चाचा नसताना तुम्ही मशीन चालवलं होतं का?"

"नाय सर," ती म्हणाली.

सर परत आत गेले. मग आतून त्यांचा चढलेला आवाज आला, सगळ्या वर्कशॉपनं ऐकला, पण मशीनच्या घरघरीत शब्द कुणाला कळले नाहीत. दुसऱ्या दिवसापासून चाचा पॅकिंगला आणि मशीनवर सुलेखा. ऑर्डर अडलेली, दुसरं कुणी रिकामं नव्हतं.

आता गंमत बघा, माणूस स्वतःला कसं समजावतो. ती धरून चालली की चाचांनी तिचा गुन्हा आपल्या अंगावर घेतला. काय मोठ्या दिलाचा माणूस, असं ती मनातल्या मनात रोज म्हणायची. त्या मोठेपणाच्या सावलीत तिची लाज जरा निवायची. त्यातच चाचा तिच्यासाठी घरून डबा आणू लागले. कधी अंबाडीची भाजी, कधी गोड शेवया. "चाचीनं दिलाय," एवढंच म्हणायचे, आणि तिच्याकडं न बघता क्रेट उचलायला जायचे. एक हात कमरेवर ठेवून. ती खायची आणि डबा घासून परत द्यायची.

एका संध्याकाळी ती माझ्या ओट्याशी बसून हमसून हमसून रडली आणि सगळं सांगितलं. मला दया आली असती तर बरं, मला रागच आला. "ते म्हातारं माणूस क्रेट उचलतंय आणि तू इथं रडून काय करतेस? माझ्या ओट्याला काय सांगतेस, जाऊन सरांना सांग," म्हणून मी तिला झाडलं.

सकाळी तिनं सरांना सांगितलं. सरांनी हातातलं पेन खाली ठेवलं. मग म्हणाले, "म्हणजे चाचा खरं बोलत होते."

तिला कळेना.

"त्यांनी त्याच दिवशी तुमचं नाव सांगितलं होतं. मी तुम्हाला विचारलं, तुम्ही नाही म्हणालात. नग बिघडले म्हणून मी त्यांना पॅकिंगला टाकलं नाही हो ताई. चूक कुणाची होत नाही? स्वतःचं पाप शिकाऊ बाईवर ढकलतात, म्हणून टाकलं. वाट्टेल ते बोललो मी त्यांना." सरांनी कपाळ चोळलं. "उद्यापासून ते मशीनवर. तुमचं नंतर बघू."

कुठला मोठेपणा आणि कुठलं काय. चाचांनी सरळ खरं सांगितलं होतं, आणि हिच्या एका 'नाय'नं ते खोटे ठरले होते. ती तशीच पॅकिंगकडं गेली. चाचा क्रेटला पट्टी आवळत होते. ती काही बोलायच्या आत त्यांनीच विचारलं, "साहेबांना सांगितलं?"

"व्हय चाचा. चुकले मी."

"मग सुट्टी झाल्यावर घरी चल," ते म्हणाले. "तुझ्या चाचीला सांग. मी सांगून थकलो."

उस्मानपुऱ्यात त्यांचं घर. जैतुनबी चाचींनी हिला पाहिलं आणि हिचे दोन्ही हात धरले. "आलीस बेटी? किती दिवसांपासून यांना म्हणते, तिला घरी आणा, मला माफी मागायची हाय. एवढ्या उमरीचा माणूस, आणि दुसऱ्याच्या लेकीवर आळ घेतला. मला शरमेनं झोप नाय. म्हणून रोज डबा देते, यांच्याच हातानं देते. म्हटलं, तेवढीच यांची तौबा."

सुलेखा मला सांगत होती, वैनी, धरणी फाटली असती तर मी गेले असते. पण धरणी फाटत नाही, बोलावंच लागतं. तिनं सगळं सांगितलं. चाचींनी तिचे हात हळूच सोडले.

चाचा दारातच चपला काढत होते. चाची त्यांच्याकडं वळल्या. "मग तुम्ही रोज तो डबा नेला कशाला? एकदा तरी फेकून द्यायचा व्हता."

"फेकला असता तर तू म्हणाली असतीस, खोटा हाय म्हणून चिडतो," चाचा म्हणाले.

चाचींनी ओढणी तोंडाला लावली आणि त्या आत गेल्या. चाचा त्यांच्या मागोमाग गेले. सुलेखा तिथंच उभी राहिली. तिला कुणी बस म्हटलं नाही, आणि जा असंही कुणी म्हटलं नाही.