पियानो बोलून राहिलाय

माझ्या थोरल्या साडूइतका हट्टी माणूस अख्ख्या लातूर जिल्ह्यात दुसरा नाही, हे मी चारचौघांत नेहमी सांगतो. त्यांच्या कार्यक्रमाला मी का पोचलो नाही, हे मात्र आजवर कुणाला, बायकोलासुद्धा, सांगितलेलं नाही. मी पोचलो होतो.

रेणापूरला गणित शिकवून निवृत्त झाल्यावर या साडूंनी, म्हणजे आमच्या गुरुजींनी, चेलो आणला. म्हणजे व्हायोलिनचा धिप्पाड थोरला भाऊ, गुडघ्यांत धरून वाजवायचा. शिकले मोबाइलवर बघून. शेजाऱ्यांनी "गुरुजी, म्हैस आजारी हाय का?" असं विचारल्यावर यांनी खिडक्या सताड उघडल्या आणि दुप्पट जोरात वाजवलं. एसटीत चेलो शेजारच्या सीटवर बसायचा. कंडक्टर एकदा म्हणाला, "ह्याला उभं करा की, लोकायला जागा न्हाई." गुरुजी म्हणाले, "तुमीच उभे ऱ्हावा. त्याला एकच पाय हाय!"

जीव जडला तो दीडशे वर्षांपूर्वीच्या एका जर्मन सोनाट्यावर, म्हणजे वाद्यांसाठी लिहिलेल्या रचनेवर. चेलो आणि पियानो, बस, दोघंच. मी नांदेडच्या भजनी मंडळात पेटी वाजवतो, म्हणून पियानो माझ्या गळ्यात आला. वर्षभर दर रविवारी कीबोर्ड घेऊन मी लातूरला गुरुजींचं घर गाठायचो. एकदा सहज बोलून गेलो, "तुम्ही वाजवा बिनधास्त, मी साथीला आहेच." गुरुजींनी चेलोचा गज खाली ठेवला.

"साथ? ही साथ न्हाई, साडूभाऊ, भांडण हाय! बरोबरीचं. पेटीवाल्यावानी माझ्या मागं मागं येऊ नका. आडवे या!"

आयुष्यभर बुवांच्या मागे मागे गेलेल्या माझ्या बोटांना आडवं जाणं काही जमेना.

शेवटी लातूरच्या एका मंगल कार्यालयात कार्यक्रम ठरला. मी मागच्या दाराशी पोचलो, तर आत कुणीतरी म्हणत होतं, "गुरुजी अन् त्यायचा पेटीवाला. आज लई करमणूक हाय!" तिथूनच गुरुजींना फोन लावला : गाडी लोह्याजवळ बंद पडली. "असू द्या," म्हणाले आणि एकटेच जाऊन बसले. आपल्या वाट्याचा, चेलोचा, अर्धा सोनाटा त्यांनी वाजवला. जिथं नुसता पियानो, तिथं गज उचलून, मान ताठ ठेवून, मनात मात्रा मोजत थांबले. लोक फिदीफिदी हसले. काहींनी संपलं समजून टाळ्या पिटल्या. गुरुजी वर्गात गरजावं तसे गरजले, "गप बसा! पियानो बोलून राहिलाय."

दाराबाहेर माझी बोटं मांडीवर चालत होती, एकही सूर न चुकता, पहिल्यांदाच आडवी. चार पावलं आत गेलो असतो तरी पुरलं असतं. गेलो नाही.

आता संधिवातानं गुरुजींची डावी बोटं वळत नाहीत. लग्नाकार्यात कुणी माझी टिंगल केली, की ते अजून त्याच्यावर धावून जातात, "गाडी बंद पडली, त्यात माझ्या साडूचा काय कसूर?" मी खाली मान घालून जेवत राहतो. आमचा सोनाटा आता व्हायचा नाही. पण मी दाराबाहेर उभा होतो, हे त्यांच्या तोंडावर सांगणं मी त्यांचं देणं लागतो, आणि ते अजून दिलेलं नाही.