नळाखेरीज दोन कामं

त्याला सगळे ओलकाका म्हणत. भिंतीवर तळहात ठेवायचा, डोळे मिटायचे, आजाऱ्याची नाडी बघावी तसा थोडा वेळ थांबायचा आणि म्हणायचा, "ओल इथे दिसतेय, पण दुखणं तिकडे आहे." तिकडे म्हणजे हातभर वर, नाहीतर पलीकडच्या खोलीत, आणि एकदा तर चक्क शेजाऱ्यांच्या न्हाणीघरात. पाणी अंधारात कुठून कुठे जातं हे त्याला कळायचं. कसं कळायचं, ते मात्र त्याला कधी सांगता आलं नाही.

कागदोपत्री तो सर्वसाधारण कंत्राटदार. भिंत, फरशी, गिलावा, रंग, दार, नळ, सगळं एकहाती. यातलं तुझं कुठलं आणि दुसऱ्याचं कुठलं, असं तीस वर्षांत त्याला कुणी विचारलं नव्हतं. मग नवा नियम आला. बायकोने नोटीस वाचून दाखवली.

"ज्या घरात नळाखेरीज निदान दोन वेगळी कामं असतील, तिथेच तुम्ही नळाला हात लावायचा. नुसता नळ असेल तर नळकामाचा वेगळा परवाना."

"म्हणजे गळका नळ दुरुस्त करायचा तर आधी घराचं आणखी काही बिघडलं पाहिजे?"

"हो. आणि तेही दोन ठिकाणी."

"नाहीतर?"

"नाहीतर काढा परवाना. एक लेखी परीक्षा, एक हातकामाची."

परीक्षा म्हटल्यावर त्याचा चेहरा पडला. सातवीत त्याने शाळेला रामराम ठोकला होता, तेव्हापासून प्रश्नपत्रिका त्याच्या स्वप्नात यायची आणि तो घामाघूम होऊन उठायचा. पण नळ सोडायचा म्हणजे काय? भिंती आणि रंगावर पोट भरलं असतं, नाही असं नाही. मन भरलं नसतं. भिंत आहे तिथे मुकाट उभी असते. पाणी बोलतं.

म्हणून त्याने मधली वाट काढली. कुणाचा नळ गळाला की हा पाना घेऊन जायचा, आणि नळाकडे ढुंकूनही न बघता घरभर फिरायचा. "नळ गळतोय ते ठीक. पण ही फरशी वाजतेय बघा. आणि हे दार किती उदास झालंय." फरशी उचलून पुन्हा बसायची, दाराला रंग लागायचा, आणि मग कायद्याला वळसा न घालता, कायद्याच्या अगदी मधोमध उभा राहून तो दहा मिनिटांत नळाचा वॉशर बदलायचा. लोकही सामील झाले. "काका, नळ गळतोय, आणि बाकीची दोन आम्ही शोधून ठेवलीत," असे निरोप येऊ लागले. एका आजोबांनी तर दुपारभर खपून छिन्नीने स्वतःच्याच घराची फरशी सैल केली. वर्षभरात आजूबाजूच्या गल्ल्यांतली दारं अशी चकचकीत झाली, की पत्ता विचारणारे गोंधळायचे.

घोड्याने पेंड खाल्ली ती बाईंच्या घरी. बाई म्हणजे त्याला सातवीपर्यंत शिकवलेल्या, आता निवृत्त. स्वयंपाकघरातला नळ टपटपत होता.

"दाराला एक हात मारून टाकू, बाई?"

"तीनदा मारलास. आधी हिरवा, मग निळा, मग पांढरा. रंगाने दार इतकं फुगलंय की ते आता लागतच नाही. मांजरं येऊन बसतात."

"मग एखादी फरशी..."

"फरशी धडधाकट. भिंती धडधाकट. या घरात नळ आणि माझे गुडघे सोडले तर काहीही बिघडलेलं नाही. गुडघे तुझ्या परवान्यात बसतात का?"

"नाही, बाई. मग मला हात लावता यायचा नाही."

"नकोच लावूस." बाईंनी नळाखाली बादली सरकवली. "तू परीक्षा पास होऊन येईपर्यंत हा नळ कुणी शिवायचा नाही. उद्यापासून संध्याकाळी सहाला वही घेऊन यायचं."

छप्पन्न वर्षांचा ओलकाका सहाला वही घेऊन जाऊ लागला. बाई नियमावली वाचायच्या, तो लिहायचा, मागे बादलीत टप, टप. त्याची बोटं आपोआप पाना शोधायची. "लक्ष इकडे!" बाई टेबलावर पट्टी आपटायच्या. चौथ्या प्रकरणातला नियम तर त्याने पाढ्यासारखा घोकला: तपासणी होण्याआधी कोणताही जोड झाकू नये. तपासणी होण्याआधी कोणताही जोड झाकू नये. आंघोळ करतानाही तो हे पुटपुटायचा आणि बायको बाहेरून म्हणायची, "अहो, कसली तपासणी? दार उघडं ठेवून बसलायत की काय?"

लेखी परीक्षेत एकाहत्तर गुण मिळाले. पन्नास पुरले असते. "वरचे एकवीस परत करायचे असतात का?" त्याने बाईंना विचारलं. बाईंनी पट्टी उगारली, पण हसू काही आवरलं नाही.

हातकामाची परीक्षा एका मोठ्या शेडमध्ये होती. आठ उमेदवार, आठ कच्च्या भिंती, प्रत्येक भिंतीत आधीच पाडलेल्या खाचा. खाचांतून पाइप फिरवायचे, नऊ जोड करायचे, चार तासांत. बाकीचे सात जण त्याच्या निम्म्या वयाचे. परीक्षक बाई जाड भिंगांच्या चष्म्यातून फळीवरच्या कागदाकडे जास्त आणि माणसांकडे कमी बघत होत्या.

पाइप हातात आल्यावर मात्र त्याचं सगळं भय पळालं. कापणं, घासणं, जोडणं, सगळं तीन तासांच्या आत झालं. पाइपांच्या पट्ट्या पक्क्या करायला घमेल्यात वाळू-सिमेंट कालवलेलं होतं, ते बरंच उरलं. बाजूला थापी पडली होती. आणि तीस वर्षांत ज्या हातांनी एकही खाच उघडी टाकून घर सोडलं नव्हतं, ते हात आपल्या वाटेने निघाले. डोकं बाईंचे पाढे म्हणत होतं की काय कोण जाणे, हातांनी विचारलंच नाही. गिलावा झाला, ओल्या स्पंजने कडा साफ झाल्या, खालची जमीनसुद्धा पुसून झाली. हाताची घडी घालून तो भिंतीशेजारी उभा राहिला.

परीक्षक बाई आल्या. भिंतीकडे बघितलं. घड्याळाकडे बघितलं.

"तुम्ही अजून सुरुवात नाही केली?"

"झालं की."

"कुठाय?"

"आत."

सात उमेदवारांची हत्यारं थांबली. कुणीतरी फिस्सकन हसलं. परीक्षक बाईंनी भिंतीला बोट लावलं. ते ओलं झालं.

"मला जोड दिसत नाहीत."

"दिसू नयेत म्हणूनच तर..." आणि तिथेच त्याला आठवलं. चौथं प्रकरण, नियम, पट्टी, सगळं एकदम त्याच्या डोळ्यांपुढे उभं राहिलं.

"न पाहिलेल्या जोडाला शून्य," परीक्षक बाई म्हणाल्या. आवाजात राग नव्हता, थोडं वाईटच वाटत असावं. "नऊ जोड, नऊ शून्यं."

"वेळ किती उरलाय, मॅडम?"

"बावन्न मिनिटं."

"वेळ संपेपर्यंत भिंत माझीच ना?"

त्यांनी नियमावली चाळली. मागे गेल्या, पुढे आल्या. "उमेदवाराचीच आहे," त्या म्हणाल्या, आणि पहिल्यांदाच त्यांनी त्याच्याकडे नीट बघितलं.

त्याने थापी उचलली. स्वतःचा ताजा, आरशासारखा गिलावा खरवडायचा म्हणजे जिवावर आलं. पण सगळा खरवडायची गरजच नव्हती. फूटपट्टी न लावता त्याने भिंतीत तळहाताएवढी एक खिडकी उघडली. बरोबर मधोमध जोड. दुसरी उघडली. मधोमध जोड. उमेदवार आपापली कामं सोडून गोळा झाले आणि मोठ्याने मोजू लागले. "पाच! सहा!" नवव्या खिडकीला शेडमध्ये शिट्टी वाजली आणि परीक्षक बाईंनी "शांत!" म्हणताना स्वतःच ओठ दाबले.

मग दाब. पाइपांत पाणी भरलं, पंप मारला, घड्याळासारख्या तबकडीवर काटा चढला. तो पंधरा मिनिटं हलता कामा नये. हलला तर कुठेतरी थेंब सुटलाय, आणि नळ कायमचा गेला. ओलकाका काट्याकडे बघत नव्हता. भिंतीशी कान नेऊन तो आतलं ऐकत होता. आत काहीच नव्हतं. असं सुंदर काहीच नाही त्याने पूर्वी कधी ऐकलं नव्हतं.

काटा तसूभरही ढळला नाही. परीक्षक बाईंनी नऊ खुणा केल्या, सही केली.

"गिलाव्याचे गुण नसतात या परीक्षेत," त्या म्हणाल्या.

"नसू देत. आता झाकू?"

"आजवर कुणी झाकलेलं नाही. या भिंती उद्या फोडायच्याच असतात."

"मग उद्या फोडा."

"झाका," त्या म्हणाल्या, आणि निकालाची चिठ्ठी हातात ठेवून संपेपर्यंत तिथेच उभ्या राहिल्या.

बाहेर फाटकाशी बायको उभी होती. लांबून त्याचे हात दिसले तशी ती पुढे धावली.

"अहो, परीक्षा नळाची होती ना? मग हे कोपरापर्यंत सिमेंट कसलं?"

"मोठी गोष्ट आहे. वाटेत सांगतो."

"वाट गेली खड्ड्यात! पास की नापास?"

त्याने जरा स्वच्छ असलेल्या दोन बोटांच्या चिमटीत चिठ्ठी पुढे धरली. तिने वाचली आणि भर रस्त्यात असं काही ओरडली, की समोरच्या दुकानातलं गिऱ्हाईक बाहेर आलं.

"म्हणजे आता नुसता नळ?"

"नुसता नळ," तो म्हणाला, आणि आधी घरी जाऊन हात धुवायचे की थेट बाईंकडे जायचं, यावरून दोघं भांडत चालू लागली.