जॅझचे दात

माझ्या मामेसासऱ्यांच्या दातांवर मी बसलो. ते धुऊन रुमालात खुर्चीवर ठेवले होते, मी न बघता टेकलो आणि कट्‌कन आवाज झाला. पण त्याआधी मामा सांगायला हवेत, कारण त्यांच्याइतके धक्के उभ्या इंदूरात मला कुणी दिले नाहीत.

पेशानं ते दातांचे डॉक्टर, दवाखाना स्नेहलतागंजात. जिवानं मात्र जॅझवाले. लहानपणी महूला, वडील छावणीत कारकून असताना, ऑफिसरांच्या क्लबातल्या एका गोवेकर बँडमास्तरनं त्यांच्या हाती क्लॅरिनेट दिलं. "आधी डिग्री, मग पिपाणी," असं वडील म्हणाले. मामांनी डिग्री घेतली आणि मग पिपाणी कधी सोडली नाही. दात कोरायचं मशीन सुरू झालं की त्याच्या घरघरीवर ते गुणगुणत, आणि रंगात आले की हातही भरभर चालायचा; खुर्चीत आ वासून बसलेला मिल-कामगार डोळे पांढरे करायचा. माझी अक्कलदाढ काढताना तर चिमटा माझ्याच तोंडात ठेवून त्यांनी "जावईबापू, हा ठेका ऐका," म्हणत पाय आपटला होता. मी ऐकला. दुसरं काय करणार? एकदा शेजारच्या वरातीत आग्रहाखातर वाजवायला लागले, ते ओळखीच्या गाण्यातून निघून असे कुठल्या कुठे गेले की नाचणारी मंडळी हात वर करून तशीच थिजली. "डॉक्टरसाब, गाना किधर गया?" नवरदेवानं घोडीवरून विचारलं. "आ रहा है भिया, रुको तो सही," मामा म्हणाले आणि पुन्हा गेले.

अशा माणसाचे पुढचे दात पडावेत! क्लॅरिनेटचं तोंड वरच्या दातांवर टेकतं. मामांनी स्वतःसाठी दोन कवळ्या केल्या: एक पोहे-जलेबीसाठी, दुसरी जॅझसाठी. ही दुसरी घासून-पुसून मनासारखी व्हायला त्यांना दोन वर्षं लागली. तेवढ्यात मिलला टाळं लागलं. मिलचे लोक म्हणजे त्यांचे पेशंटही आणि श्रोतेही. जॅझ समजत नसूनही दर वर्षी मिलच्या क्लबात त्यांचं वाजवणं ऐकायला समोर बसणारे. क्लबाचा हॉल रिकामा करायच्या आधी सगळ्यांनी एकदा जमायचं ठरवलं आणि मामांनी वाजवायचं कबूल केलं. दात गेल्यापासून चारचौघांत पहिल्यांदाच.

आणि स्टेजमागच्या खोलीत मी खुर्चीत बसलो.

मी हादरलो होतो, पण त्याहून हादरलो ते कुणीच काही बोलेना म्हणून. मी पडलो जावई. मामांनी तुकडे रुमालात गुंडाळून खिशात घातले, उलट मलाच विचारलं, "लागलं नाही ना कुठे?" जेवायची कवळी फुंकताना निसटायची. तीही काढून, ओठ हिरड्यांवर दुमडून ते स्टेजवर गेले. सूर हवेसारखा, काठ नसलेला, थरथरत आला. एकच धून वाजवून ते उतरले. टाळ्या थांबेनात. "जावईबापू, उपकार झाले," ते मला म्हणाले, "सूर मऊ झाला बघा."

हे मी खरं मानलं. त्यांना पुन्हा ऐकायचा योग आला नाही, तरी पुढे कितीतरी वर्षं, कुणी विचारो न विचारो, मामांच्या सुराला गोडवा माझ्यामुळे आला, असं मी सांगत फिरलो. मामा गेल्यानंतर मामींना भेटायला गेलो तेव्हाही तेच सांगायला लागलो. क्लॅरिनेटची पेटी कपाटावर होती. मामी चहा गाळत होत्या.

"त्या दिवसानंतर ती पेटी त्यांनी उघडली नाही," त्या म्हणाल्या.

"पण कवळी तर पुन्हा करता आली असती."

"आली असती की. मिलची माणसं कुठून आणायची होती? कुणी गावी गेलं, कुणी ठेला लावला. त्यांच्यासमोर शेवटचं नीट वाजवायचं होतं, ते राहिलं."

मामींनी कप माझ्यापुढे ठेवला.

"आणि गोडव्याचं म्हणाल तर, बापू, तुम्हाला सुरातलं काही कळत नाही, हे लग्नापासून घरात सगळ्यांना ठाऊक आहे. जावई म्हणून गप्प बसलो."