रिकाम्या वस्तीची मोजणी

पल्लवी, ये, अशी जवळ बस. आधी रागावून घेते, मग बोलते. बाप गेल्यावर आत्याशी कुणी असा अबोला धरतं का गं? तेराव्याला चहाचा कप माझ्यापुढं ठेवलास आणि माझ्याकडं न बघताच म्हणालीस, "आत्या, अकरा वेळा फोन लावला तुला. भांडण जित्या भावाशी होतं, मढ्याशी न्हवतं." भरल्या घरात मी गप्प बसले. खरं कारण सांगायचं तर तुझ्या बापाची चूक काढावी लागली असती, आणि फोटोवरचा हार अजून ताजा होता. म्हणून आता पेपरात लिहिते. पेपर तरी तुझ्यापर्यंत पोचेल.

ज्येष्ठातल्या त्या दिवशी फोन माझ्या हातातच होता, पोरी. तो वाजलाच नाही. दत्ता सकाळी गेला, आणि तुमच्या घरचा निरोप दुपार कलल्यावर मांजरसुंब्याहून मोटारसायकलवर आलेल्या माणसानं सांगितला. मी बीडला पोचले तेव्हा मंडळी स्मशानातून परतून अंघोळी करत होती. पाठच्या भावाचं तोंड शेवटचं बघायला मिळालं नाही...

दत्ता लई हुशार. लहानपणी त्यानं आमच्या दादांचा रेडिओ खोलून परत जोडला, दोन स्क्रू उरले, तरी रेडिओ वाजला. पुढं मोबाइलच्या लहरी मोजायची नोकरी धरली. गाडीत पुढं चार-पाच फोन ओळीनं लावलेले, मांडीवर लॅपटॉप, आणि गाडी पुढं जाईल तसे नकाशावर हिरवे-लाल ठिपके उमटत जायचे. मी चौथी शिकलेली, पण मला सगळं समजावून सांगायचा. आताचा फोन म्हणे एका लहरीवर भागवत नाही, दोन-तीन एकदम धरतो. शिवाय आजूबाजूच्या लहरी मोजायच्या तर चालू कामात मधूनच बारीक फट काढावी लागते. कोणती कधी मोजायची याचं वेळापत्रक असतं; फट भलत्या वेळी पडली तर बोलणं तुटतं. मी म्हटलं, म्हणजे तीन चुलींवर स्वयंपाक. दूध वर यायच्या वेळी भाकरीकडं बघत बसायचं नाही. लई हसला. "आक्का, माझ्या साहेबापेक्षा तुला बरं कळलं. कधी मोजायचं, यातच सगळं हाय."

नेकनूरच्या पुढं आमची वस्ती. टॉवर पाहिजे म्हणून मी दारोदार फिरून अर्जावर सह्या अन् अंगठे घेतले होते. मोजणीला दत्ताच येणार कळलं तेव्हा मी मिरवत फिरले, आपला माणूस येतोय म्हणून. तो आला पौषात. दसरा झाला की आमची निम्मी-अर्धी वस्ती कोयत्याला जाते, ऊसतोडीला. दारांना कुलपं, राहिलेल्या आम्ही म्हाताऱ्या. मी गाडीत त्याच्या शेजारी बसून हिरवे ठिपके मोजत होते, खुळ्यासारखी खूश. दुपारी बाजरीची भाकरी, वांग्याची भाजी, वर तूप. दोनदा वाढून घेतलं त्यानं.

चैत्रात माणसं परतली आणि सगळे फोन एकदम त्याच लहरींवर पडले. फोन लागेना, लागला तर तुटायचा. वैशाखात अर्जाचं उत्तर आलं: वस्तीत सिग्नल समाधानकारक, टॉवरची गरज नाही. शेजारची काशीबाई म्हणाली, "लई चांगला भाऊ हाय गं तुझा. बहिणीची भाकरी खाल्ली अन् वस्तीचं तोंड बांधलं." मी तिच्यावर उखडले. पण एसटीत बसून तडक बीडला आले.

तू पुण्याला होतीस. दत्ता ओसरीवर बसला होता. मी उभ्यानंच विचारलं, "तुला ठावं होतं ना, वस्ती उसाच्या फडावर हाय?"

वाटलं होतं, नाही म्हणेल. मी खरं मानलं असतं.

"ठावं होतं, आक्का. माणसं असताना मोजलं असतं तर सगळं लाल आलं असतं. वरून सांगितलं होतं, हिरवं आण. म्हणून मीच पौष धरला."

"अन् मला गाडीत कशाला बसवलंस?"

त्यानं पाण्याचा तांब्या पुढं केला. मी पाणी न पिता निघाले... माहेरच्या दारातून पहिल्यांदाच.

तर असं झालं. तुझे अकरा फोन त्याच्याच हिरव्या ठिपक्यांत कुठंतरी अडकले. हे तुला सांगून बरं वाटलं असं नाही. त्याच्यावर रागावायला तो तरी पाहिजे होता.

गेल्या आठवड्यात गच्चीवर पाणी तुंबलं म्हणून गुडघे धरत वर चढले. टाकीमागं कठड्यावर निळ्या रंगात गोल काढलेला, खाली दत्ताचं अक्षर : आक्का, इथं लागतो. सून म्हणाली, हे तर पौषापासून हाय, मला वाटलं गवंड्याची खूण. पोरी, एवढा राग मला बीडला नव्हता आला. सगळी वस्ती सोडून त्यानं एका बहिणीपुरती वीतभर जागा शोधली होती, आणि तीही सांगायची हिंमत झाली नाही. आता रोज संध्याकाळी बाया तिथं रांग लावतात. काशीबाई माहेरी बोलते, गोलावरून हात फिरवते, आणि माझ्या भावाला एक शिवी देऊन खाली उतरते. मी अडवत नाही. पावसानं रंग जाऊ नये म्हणून वर पत्रा मात्र ठोकून घेतलाय.

मी तिथं उभी राहून तुझा नंबर काढते आणि ठेवून देते. हे फोनवर बोलायचं नाही गं. येत्या रविवारी नेकनूरला उतर, मी स्टँडवर असेन. बापाचं अक्षर बघ, आणि माझ्यावर रागवायचं असेल तर माझ्यापुढं बसून रागव. लवकर ये.