हिरडीवरचं बोट

कळंबच्या धोंडीबाला कुणी बायकोवेडा म्हटलं तर तो चिडायचा नाही, मिशीतल्या मिशीत हसायचा. तुळसा होतीच तशी. पंचक्रोशीतल्या बौद्ध लग्नांत मंगल गाथा झाल्या की भीमगीत तिच्याच गळ्यातून ऐकायचं, असा शिरस्ता पडला होता. पण एकदा म्हशीनं मान फिरवली, शिंग तोंडावर बसलं आणि वरचे पुढचे तीन दात हाडाच्या टवक्यासकट गेले. मग कवळी आली. एका लग्नात गाता गाता ती निसटून खाली पडली, मांडव हसला आणि तुळसाचं गाणं तिथंच संपलं.

थोरल्या बुद्धघोषचं लग्न पुढच्या मे महिन्यात धरलं होतं. त्यात त्याची आई गाणारच, हा धोंडीबाचा हट्ट. बारामतीच्या रोहिणी डॉक्टरांनी पक्क्या दातांचा उपाय सांगितला. हनुवटीतलं हाड काढून वर भरायचं, ते धरलं की स्क्रू आणि त्यावर दात. भरलेलं हाड थोडं झिजतंच, पण तंबाखू असेल तर टिकायचं नाही, असंही त्या म्हणाल्या. ही तंबाखूला शिवत नाही, असं धोंडीबानं छातीठोकपणे सांगितलं.

उन्हाळ्यात हाड भरलं. ऑक्टोबरात स्क्रूसाठी हिरडी पुन्हा उघडली, तेव्हा धोंडीबा हट्टानं खुर्चीपाशीच उभा राहिला. डॉक्टरांनी बारीक पट्टीनं मापलं, पुन्हा मापलं. 

"निम्मं हाड विरघळलंय. स्क्रू धरणार नाही."

त्यांनी पुन्हा तंबाखूचं विचारलं. त्यानं पुन्हा नाही म्हटलं, या वेळी जरा रागानंच. मग त्यांनी विचारलं, ह्या दात कशानं घासतात?

मशेरीनं, तो म्हणाला आणि जागीच गार पडला. तव्यावर जाळलेला तंबाखूच तो. पण मशेरीला तंबाखू कोण म्हणतं? ती तर दात घासायची वस्तू. हाड भरल्यावर तुळसाला घास उतरत नव्हता. मशेरीनं हिरडी बधिर व्हायची, तेवढंच बरं वाटायचं. म्हणून तो रोज सकाळी तिला जवळ बसवायचा आणि दुखऱ्या जागी हलक्या हातानं लावायचा. दुखणं थांबलं तरी ती सवय सुटली नव्हती.

डॉक्टरांचा आवाज चढला. कुणी लावली? तुळसाच्या तोंडात कापूस होता. तिनं झटकन हात स्वतःच्या छातीवर ठेवला.

धोंडीबाला ते सोसलं नाही. त्यानं उजव्या हाताचं बोट पुढं केलं. त्याचं पेर काळं पडलं होतं.

"तिनं न्हाय, बाई. ह्या बोटानं मीच लावली."

कमरेचं हाड घेऊन पुन्हा करता येईल, डॉक्टर हळू आवाजात म्हणाल्या, पण मे महिन्यापर्यंत नाही. लेकाच्या मांडवात तुळसा गाणार नव्हती. तिनं ते काळं बोट मुठीत धरलं आणि डॉक्टरांचे टाके घालून होईपर्यंत सोडलं नाही.