विटांची ऊब

मागच्या थंडीत ह्यांच्या शेठनी आम्हा सगळ्यांना वाळवंटात तंबूत राहायला नेलं. हे त्यांची गाडी चालवतात ना, म्हणून आम्ही पण. आमचं बाळ तेव्हा मान पण धरत नव्हतं. आणि वारा काय सुटला! दिवस मावळला नाही तोच वाळू बर्फासारखी गार. शेठची पोरगी सारखी, "आजी, इट्स फ्रीझिंग!"

मी लंगोट धुऊन आले तर तंबूची चेन खालपर्यंत लावलेली, आणि आतून ओव्याचा वास. चेन बोटभर सरकवून आत डोकावले. शेठच्या आई, त्यांना आम्ही काकू म्हणतो, बार्बेक्यूचे निखारे घमेल्यात भरून आत बाळाला धुरी देत बसल्या होत्या. प्रेमानंच देत होत्या. पण घरात खिडकी असते, तंबूत कुठली!

मी कुणाला सांगितलं नव्हतं, पण मी पालात, म्हणजे फाटक्या कापडाच्या तंबूतच वाढले. आईबाप रस्त्याच्या कामावर, घर नव्हतंच आम्हाला, काम जाईल तिकडं पाल. शेजारच्या पालात एक म्हातारा-म्हातारी गारठ्यात निखारे आत घेऊन झोपले. धूर नव्हता, म्हणून त्यांना वाटलं काय होतंय. सकाळी उठलेच नाहीत दोघं. तेव्हापासून आई विस्तव कधी आत येऊ द्यायची नाही. बाहेर चुलीजवळ विटा तापवायची, फडक्यात गुंडाळून गोधडीत ठेवायची, आणि आम्ही आत शिरायच्या आधी काढून घ्यायची. "थंडी खालून येते गं," म्हणायची, आणि खाली उसाचं जाड पाचट पसरायची. त्या गोधडीत शिरताना काय सुख वाटायचं! अजून आठवतं.

शेठच्या आईला बोलायचं कसं? ह्यांची नोकरी गेली तर? तरी मी चेन सर्रकन उघडली, बाळाला उचललं, "काकू, बाहेर या, आधी बाहेर या!" म्हणून ओरडलेच.

"वेडी आहेस का! पोराला वारा लागेल," म्हणत त्या उठल्या, आणि तंबूच्या काठीला धरून उभ्याच राहिल्या. "थांब गं... डोकं जड झालंय."

शेठ धावले, त्यांना मोकळ्यावर बसवलं. ह्यांनी घमेलं बाहेर ओढलं, वर वाळू टाकली. बाळ रडलं तेव्हा मी श्वास घेतला.

मग मी पाण्याच्या खोक्यांचे पुठ्ठे अंथरले, वर सगळ्या चादरी. बार्बेक्यूखालच्या विटा गरमच होत्या, टॉवेलात गुंडाळल्या, आई बघायची तशा गालाला लावून बघितल्या, बिछान्यात ठेवल्या. बिछान्यानं ऊब धरली तशा काढल्या, मग बाळाला निजवलं. चेन वरून थोडी उघडीच ठेवली.

काकूंनी बिछान्यात हात घालून बघितला.

"हे कुठं शिकलीस गं पोरी?"

"आमच्या घरी," म्हटलं. पालाला घर म्हटलं मी, पहिल्यांदाच.